जावेच्या गालातलं बांडगूळ

ये गो बाय, जरा जवळ सरक. कागदावरून का होईना, पण सरक, कारण मला तुला ओरडायचंय आणि लांबून ओरडलं की सगळी वाडी ऐकते. काल तू घरच्या सगळ्यांना तो मेसेज पाठवलास ना? वर जोडलेले हात, खाली गुलाबाचं फूल, आणि मध्ये लिहिलेलं की गाठीचा तुकडा तपासायला काढला की कॅन्सर चवताळतो नि अंगभर पसरतो, तेव्हा तुकडा काढू देऊ नका, आपल्या माणसांना सावध करा. तू पाठवलास हा! पुण्यात राहतेस, दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसतेस, बाजारात गेलीस तर एकेक वांगं उलटंपालटं करून घेतेस, आणि असला मेसेज मात्र न बघता पुढे ढकलतेस. माझ्या भावाची मुलगी म्हणून मऊ बोलतेय. दुसरी कोणी असती तर आत्यानं काय शब्द काढले असते ते तुला माहीत आहे.

आता गप बस आणि ऐक. त्याच एका वाक्यानं आमच्या अंगणात काय केलं ते तुला कोणी सांगितलेलं नाही. तुला एवढंच कळलं की मावशीचं ऑपरेशन झालं. 'तसलं काहीतरी होतं' असं तू फोनवर म्हणालीस. तसलं काहीतरी नाही. कॅन्सर होता. शब्द उच्चारला म्हणून कोणाच्या घरात शिरत नाही तो.

तू जिला मावशी म्हणतेस ती माझी धाकटी जाऊ. आमचं अंगण एक, चुली दोन. माझा नवरा बोटीवर होता, तो गेल्याला बरीच वर्षं झाली. तिचा नवरा, म्हणजे माझा धाकटा दीर, आंब्याच्या कलमांचा माणूस. आरे-वारेकडे जाताना डाव्या हाताला कातळ लागतो, तिथे आमची बाग. दिराची पंचक्रोशीत ख्याती आहे ती बांडगूळ काढण्याची. तुला काय माहीत असणार, म्हणून सांगते. पक्षी बांडगुळाचं फळ खातो, चोच आंब्याच्या फांदीवर पुसतो, आणि ते चिकट बी तिथेच रुजतं. मूळ सालीच्या आत घालतं नि आंब्याचा रस पिऊन हिरवंगार माजतं. ते काढायचं तर त्याच्या खाली हातभर चांगली फांदीसुद्धा कापावी लागते. हळहळून नुसतं वरचं वर छाटलं तर पुढच्या वर्षी दुप्पट फुटतं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि दिराला तर जरा जास्तच ठाऊक आहे.

जावेच्या डाव्या गालात आतून एक पांढरा चट्टा होता. सुकलेल्या चुन्यासारखा, बोटानं पुसला तरी न जाणारा. कित्येक दिवस तो तसाच होता. मग तिथे फोड आला, फोडाची जखम झाली, आणि तिखट लागलं की ती ताटावरून उठायला लागली. आम्ही दोघी मिश्री लावायचो. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, दात घासायला घ्यायची. एकाच तव्यावर भाजलेली, एकाच डब्यातली. माझा गाल स्वच्छ राहिला नि तिच्या गालात उगवलं. यात माझी काही पुण्याई नाही. पण समाचाराला येणाऱ्या बायकांना कोण सांगणार? 'मिश्री लावायची ना, मग भोगायला लागणारच,' असं एक जण माझ्याच ओटीवर बसून म्हणाली, आणि तिच्या कनवटीला तिच्या स्वतःच्या मिश्रीची पुडी होती. मी तिला चहासुद्धा विचारला नाही. तशी मी कोणाला चहाशिवाय पाठवत नाही, हे तू जाणतेस.

मी जावेला शहरात दातांच्या डॉक्टरणीकडे नेलं. तिनं दिवा धरून पाहिलंन, मानेला गाठी आहेत का ते चाचपलंन, नि म्हणाली, "याचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू. उशीर नको." जाऊ होय म्हणाली. मी होय म्हणाले. घरी येऊन दिराला सांगितलं, आणि तिथे गाडी अडली.

"वैनी, तुकडा काढायचा नाय."

"का म्हणून?"

"अर्धवट कापलं की दुप्पट फुटतं. माझा जन्म गेला त्यात. मला शिकवू नका."

"भावोजी, ते झाड आहे."

"झाड काय नि माणूस काय, जीव तो जीव. काढायचा तर सगळा काढा म्हणावं एका फटक्यात. जरासा कापून बाटलीत घालून ठेवायचा, आणि उरलेला इकडे माजणार!"

"सगळा म्हणजे किती, ते कळायलाच तुकडा हवाय ना? तुम्ही तरी आधी झाडाखाली उभे राहून बघता का नाही, बांडगूळ आहे की आंब्याचीच पालवी आहे ते? आणि आहे तर फांदीवर आहे की खोडाला लागलंय ते?"

"मग बघूंदेत की! बघायला कोण नको म्हणतंय? कापायचा कशाला?"

"डोळ्यांना दिसत नाही ते. सूक्ष्मदर्शकाखाली बघतात."

"तुम्ही पुस्तकं वाचता वैनी, मी झाडं वाचतो."

हे वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं की पुढे येईल जाईल त्याला तो तेच ऐकवायला लागला. ऐकणारे मान डोलवायचे. एकाही शहाण्यानं विचारलं नाही की बाबा रे, तुझ्या बायकोच्या गालाला साल आहे का?

जाऊ मध्ये बसलेली असायची, गालावर पदर दाबून. तिला कोणी काही विचारत नव्हतं.

आता मी काय वाचते ते सांगते, म्हणजे तुझ्याही डोक्यात जरा उजेड पडेल. मी सातवीपर्यंत शिकले. पुढचं शिक्षण माझ्या मुलींनी टाकून दिलेल्या पुस्तकांत झालं. त्यांचं अकरावीचं जीवशास्त्र मी पानं सुटेपर्यंत वाचलं, मग वाचनालयातून आणून वाचलं. न कळलेला शब्द मी सोडत नाही, मागे लागते त्याच्या. आणि त्यात मला सगळ्यात आवडलं ते पेशींचं मरण. हसू नकोस. तुझ्या गालाच्या आत पेशींचे थर आहेत, घावनांची चवड ठेवावी तसे. तळचा थर नव्या पेशी घालतो, त्या हळूहळू वर सरकतात, कढत चहा सोसतात, माशाचा काटा सोसतात, आणि वर पोचल्या की झडून जातात. तू त्या रोज गिळतेस नि तुला पत्ताही नसतो.

एखाद्या पेशीच्या आत काही बिघडलं, तर तिथे एक प्रथिन असतं, ज्याला धड नावही दिलेलं नाही, नुसतं अक्षर नि आकडा. ते तिला म्हणतं, थांब, आणखी पेशी घालू नकोस, आधी दुरुस्ती कर. दुरुस्ती जमली तर बरं. नाही जमली तर ती पेशी स्वतःचं स्वतः आवरते. मोबाइलवर मी त्याचा सिनेमा पाहिलाय. पेशी अंग चोरते, मग पेजेला उकळी फुटावी तसे तिच्या अंगावर बुडबुडे येतात, आतला पसारा ती बारीक कापते, त्याच्या पुड्या बांधते, आणि शेजारच्या पेशी त्या पुड्या खाऊन जागा साफ करतात. ना सूज, ना पू, ना वास. आईच्या पोटात तुझ्या बोटांमध्ये बदकासारखा पडदा होता. त्यातल्या पेशी अशा गुपचूप गेल्या, म्हणून आज मेसेज ढकलायला तुझी बोटं सुटी आहेत.

आणि कॅन्सरची पेशी? जायला सांगितलं तरी जागची न हलणारी. बस, एवढीच तिची करामत. लोक तिला राक्षस म्हणतात, आजाराला झुंज म्हणतात, आजाऱ्यांना लढवय्ये म्हणतात, तुतारी फुंकणारी चित्रं पाठवतात. मला किळस येते त्याची. एवढा मान कशासाठी? तीही गालाचीच पेशी, बाहेरून आलेली नव्हे. गाल होण्याचं काम विसरली, जीभही होईना, हिरडीही होईना, काहीच होईना. नुसती आपल्यासारख्या कुचकामी आणखी घालत बसते. थांब म्हणणारं ते प्रथिन मोडून ठेवते. रक्ताच्या नळ्या आपल्याकडे ओढून घेते. पहाऱ्याच्या पेशी आल्या की साळसूद तोंड करून बसते. आणि इतकी लबाडी करून कमावते काय? ज्या अंगावर जगते तेच पाडते, आणि त्याच्याखाली स्वतःही मरते. इतकी बिनडोक गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही. बांडगुळाला तरी पुढच्या झाडावर जायची अक्कल असते.

हे सगळं मी दिराला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलंन आणि दुसऱ्या दिवशी औषधवाला घेऊन आला.

चिपळूणकडचा कोणीतरी होता. पांढरे कपडे, कपाळावर गंध, हातात पितळेची डबी. त्यानं जावेच्या तोंडात लांबूनच बघितल्यासारखं केलंन आणि सांगितलंन, "किडा आहे. लेप लावला की मरून बाहेर पडेल."

मी विचारलं, "कसला किडा?"

"दाढेतला."

"चट्टा गालाला आहे. दाढ बाजूला राहिली."

"किडा चालतो ना आई."

"किती पायांचा?"

त्यानं दिराकडे बघितलंन. "यांना जरा आत पाठवा. अविश्वासाच्या माणसापुढे औषध लागू पडत नाही."

"मग तुमचं औषध माझ्यापेक्षा भित्रं आहे," मी म्हटलं. पण दीर माझ्यावर असा भडकला की मीच उठले. चुली दोन असल्या की हा एक अधिकार नसतो, दुसऱ्याच्या ओटीवर बसून राहण्याचा.

लेप लावला. जाऊ दोन्ही हातांनी खाट धरून होती म्हणे. दुसऱ्या दिवशी गाल सुजून डोळ्यापर्यंत गेला, ताप आला, तोंडाला वास सुटला. औषधवाला म्हणाला, किडा तडफडतोय. मग एका सकाळी दीर अंगणातून हाका मारत आला. हातात केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर मळकट पांढरं काहीतरी. ते पान माझ्या नाकासमोर धरून तो आनंदानं हसत होता. खरं सांगते, त्या क्षणी मला त्याची कीव आली. बायको जगावी म्हणूनच तो हे सगळं करत होता. पण कीव आली म्हणून माझी जीभ थांबली नाही.

"वैनी, बघा! गळून पडला! म्हणत होतो ना?"

"भावोजी, हे गळलेलं नाही. जाळलेलं आहे."

"परत तुमचं पुस्तक!"

"पुस्तक राहू दे. ते वर बघा." आमच्या अंगणातल्या कलमाची एक फांदी वादळात मोडली होती, ती तशीच वर अडकून वाळत होती. "त्या फांदीची पानं सगळी मेलीत. मग गळत का नाहीत? एवढा वारा आहे."

तो चिडून म्हणाला, "मोडक्या फांदीची पानं कशी गळतील? पान सोडायला फांदी जिती लागते. देठाशी ती आतून कापते, तेव्हा पान सुटतं."

"तेच मी म्हणतेय. अंग जितं असलं नि धड असलं की नको झालेलं आपलं आपण सोडतं. त्याला सूज येत नाही, वास येत नाही. हिच्या गालानं हे सोडलेलं नाही. तुमच्या लेपानं गालाची चांगली पेशी नि वाईट पेशी एकत्र भाजून काढली, त्याची ही खपली. आणि आत काय आहे? तुमच्याच भाषेत सांगते. बांडगुळाची वरची पानं जाळलीत, मूळ सालीखाली तसंच आहे. अर्धवट कापू नये म्हणता ना? मग अर्धवट जाळून कोण मोकळं झालं?"

तो त्या पानाकडे बघत राहिला. मला वाटलं, आता परत भडकणार. तेवढ्यात दारातून आवाज आला. जाऊ उंबऱ्यात उभी होती, तोंड उघडत नव्हतं, दातांतून बोलत होती.

"झाला तुमचा दोघांचा? मघापासून झाड, फांदी, साल. मी झाड नाय. तोंड माझा हाय. अक्का, रिक्षा बोलव."

"अगो, ऐक तर…" दीर म्हणाला.

"तुमचा आयकला म्हणून हा झाला. आता अक्काचापण आयकायचा नाय माझ्या मनात. डॉक्टरीण काय सांगते तेवढा आयकणार."

हे मलाही लागलं, आणि बरं झालं लागलं. मीसुद्धा महिनाभर तिच्यावरून वाद जिंकायला बघत होते, तिच्याशी बोलत नव्हते.

दीर रिक्षात पुढे बसून आला. डॉक्टरणीनं तो भाजलेला गाल पाहिलान आणि तिचं तोंड असं झालं की मला वाटलं ही आता शिव्या देणार. पण शिकलेली माणसं शिव्या गिळतात. आधी सूज उतरायला औषधं दिलीन, मग तुकडा काढलान. सुईनं बधिर करून, मुगाच्या डाळीएवढा. दिरानं तिला चाचरत विचारलंन, "यानं पसरणार नाय ना?" ती म्हणाली, "काका, तुकड्यानं पसरत नाही. वाट बघत बसलं की वाढतो."

कॅन्सरच निघाला. थरांची चवड मोडून तळच्या पडद्याखाली उतरलेला. मानेच्या एका गाठीतही होता. पुढे कोल्हापूरला ऑपरेशन झालं. गाल काढला, खालच्या जबड्याचा तुकडा काढला, छातीवरचं कातडं फिरवून गालाला लावलं. त्यात त्यांनी वाईटाच्या भोवतीचं बोटभर चांगलंही काढलं, कडेला काही राहू नये म्हणून. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा दीर पहिल्यांदा डोळे भरून रडला. हातभर चांगली फांदी, ते त्याला लगेच कळलं. इतकं साधं होतं ते, नि केवढ्या उशिरानं पोचलं. मग किरण दिले. किरण त्या पेशीच्या आतला डीएनएचा धागा इतका तोडतात की तिच्यासारख्या निर्लज्ज पेशीलाही शेवटी जावं लागतं. चांगल्या पेशींचाही तुटतो, पण त्यांना अजून दुरुस्तीची शिस्त असते, म्हणून बऱ्याचशा सावरतात. सावरेपर्यंत तोंडाची आग आग होते, ती मात्र नुसतं वाचून कळत नाही.

चट्टा होता तेव्हाच तुकडा काढला असता तर जबडा राहिला असता का? मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "कदाचित." मी घरी येऊन हे कोणाला सांगितलं नाही. दिरानं मला विचारलंही नाही. तो आता रोज तिचा भात बोटांनी कुस्करून मऊ करतो, एक शीत अख्खं राहू देत नाही. बागेत कोणी बांडगुळाचं विचारायला आलं तर सांगतो, आणि माणसाच्या आजाराचं बोलायला लागलं तर उठून जातो. तो औषधवाला अजून फिरतोय म्हणे वेळणेश्वरच्या बाजूला. डबी तीच, किडा तोच. पायांचा आकडा अजून त्याला सापडला नसेल.

आणि आता माणसांचं सांगते, कारण पेशीपेक्षा मला त्यांचाच जास्त राग आहे. जाऊ आहे. चालते, फिरते, माझ्याशी भांडते. बोलणं थोडं बोबडं झालंय, पण ऐकायचं असलं तर सगळं कळतं. तोंड एका बाजूला ओढलेलं आहे. येणारी माणसं तिच्याशी बोलताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतात. मोठ्यानं बोलतात, जणू कान कापलेत तिचे. 'किती छान दिसायची गो,' असं तिच्यासमोर माझ्या कानात म्हणतात. आणि जेवायची वेळ झाली की सगळ्यांना एकदम कामं आठवतात. कोपऱ्यातून भात सांडतो ना तिचा, ते बघवत नाही म्हणे. बघवत नाही! जिला तो घास गिळायचाय तिला बघवतं, आणि यांना बघवत नाही! एकदा ती मला म्हणाली, "अक्का, घरची माणसं सोडली तर माझ्यासमोर बसून कोण जेवत नाय गो." 

म्हणून हे एवढं लिहिलं. पुढच्या महिन्यात तिची तपासणी आहे कोल्हापूरला. परत आलाय का, मानेत काही आहे का, ते बघतील. ती बोलत नाही, पण आत्तापासूनच घाबरलीय, अंगण झाडताना मध्येच थांबते. त्याच्या आधी ये. फळं आणू नकोस, तिला चावत नाहीत. धीर देणारी वाक्यं तर मुळीच आणू नकोस, ती आमच्याकडे पोत्यानं पडून आहेत. मी ओल्या बोंबलांचं कालवण करीन, बिनतिखटाचं, ते तिच्या तोंडात आपोआप विरघळतं. तू तिच्यासमोर पाट घे, तिच्या तोंडाकडे बघत बोल, आणि पोटभर जेव. रजा मिळत नाही हे कारण मला सांगू नकोस. लवकर ये बाय, वाट बघते.